डोक्यावर तार नसलेली ट्राम: तार काढावी कुठे आणि तिच्या जागी काय आणावं?

गारोनकाठचा

मंडळी, फ्रान्समध्ये बोर्दोला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. रोजचं येणंजाणं ट्रामने. गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. नदीकाठच्या प्लास द ला बुर्स या जुन्या चौकात रूळ ओलांडताना ती एकदम थबकली. दोन रुळांच्या बरोबर मधोमध, फरशीच्या पातळीत बसवलेली एक तिसरी पट्टी तिला दिसली होती. "यात करंट असतो का रे?" तिने विचारलं. वर तार नाही, खांब नाहीत, म्हणजे वीज खालूनच येणार हे तिने बरोबर ताडलं होतं. मी म्हटलं, "असतो, पण आत्ता नाहीये." तिने माझा दंड धरला आणि लुगड्याचा घोळ सावरत, पाय उंच उचलून ती पट्टी ओलांडली. पलीकडे दोन पोरं त्याच पट्टीवर तोल सांभाळत चालली होती.

"आत्ता नाहीये" म्हणजे नेमकं काय, ते तिला तिथे उभ्या उभ्या नीट समजावता आलं नाही. म्हणून हा धागा.

ट्रामला इथे ७५० व्होल्टची डीसी वीज लागते. मेट्रोच्या मार्गात एवढ्या दाबाचा उघडा रूळ टाकता येतो, कारण तिथे कुणी पायी उतरत नाही. भर बाजारातल्या रस्त्यात तो टाकणं अशक्य. म्हणून या पट्टीचे तुकडे केलेत. ८ मीटर धातू, मग ३ मीटर वीजरोधक भाग, पुन्हा ८ मीटर धातू, पुन्हा ३ मीटर रोधक. जमिनीत दर २२ मीटरला एक पेटी पुरली आहे आणि ती दोन तुकडे सांभाळते. ट्रामच्या पोटाखालून एक सांकेतिक रेडिओ सिग्नल सतत सुटत असतो. तो ज्या तुकड्याला मिळतो, त्यातच पेटी वीज सोडते. गाडी पुढे सरकली की तो तुकडा बंद होतो, आणि नुसता बंद होत नाही, परतीच्या (म्हणजे ज्यातून वीज परत जाते त्या) रुळाला जोडला जाऊन शून्य व्होल्टवर येतो. इथल्या गाड्या ३३ आणि ४४ मीटर लांबीच्या आहेत. त्यामुळे चालू असलेला तुकडा कायम गाडीखाली झाकलेला राहतो. वीज घ्यायला गाडीखाली दोन बूट, म्हणजे पट्टीवर घासत जाणारी धातूची टोकं, असतात. एक रोधक भागावर आला तरी दुसरा धातूवर टेकलेला असतो. या पद्धतीला इथे सगळे एपीएस म्हणतात, 'जमिनीतून वीजपुरवठा' या फ्रेंच नावाची ती आद्याक्षरं.

पहिला मार्ग २१ डिसेंबर २००३ ला सुरू झाला. इतक्या मोठ्या प्रमाणावर ही पद्धत तेव्हा जगात कुठेच नव्हती, आणि पहिली वर्षं फार त्रासाची गेली. पेट्यांत पाणी शिरायचं, एक पेटी गेली की मागे गाड्यांची रांग लागायची. माझे शेजारी त्या दिवसांत रोज घड्याळाकडे बघत थांब्यावर उभे असायचे, ते अजून सांगतात. शेवटी महापौरांनी निर्वाणीचा इशारा दिला की हे सुधारत नसेल तर सगळीकडे तारा लावू. जवळपास एक किलोमीटरच्या पट्ट्यात एपीएस काढून खरंच तार टाकली. उरलेला भाग मात्र हळूहळू सुधारला आणि आता त्याची कुणी चर्चाही करत नाही. २००७ मध्ये हे जुनं बंदर युनेस्कोच्या यादीत गेलं.

पण सगळ्या जाळ्यावर एपीएस नाही, हे लक्षात घ्या. जुन्या शहराचा गाभा तेवढा तारेविना. उपनगरांत साधी ओव्हरहेड वायर आहे, आणि तिथे ती कुणाला खुपतही नाही. तुमच्याकडे काय आहे? काय चालेल?

सबस्टेशन

उत्तम धागा. नागपुरात वीज वितरणात २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे आकड्यांकडून येतो.

वीज गाडीतच साठवायची ठरली तर किती लागेल? माणसांसकट ट्राम ५० टनांची धरा. तिला थांब्यावरून ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला न्यायला साधारण १.३ युनिट लागतात. युनिट म्हणजे आपल्या बिलावरचं तेच युनिट. ब्रेक मारताना यातला बराच भाग मोटरच जनरेटर होऊन परत देते. १० मीटरचा चढ चढवायला जवळजवळ तेवढेच, १.३६ युनिट. म्हणजे सपाट रस्ता असेल तर एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जाणं ही फारशी अवघड गोष्ट नाही.

अडचण येते ती उभं राहण्याची. एसी आणि बाकीची उपकरणं मिळून ३० किलोवॅट धरली, तर दहा मिनिटांच्या खोळंब्यात ५ युनिट जातात, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नसते. तारेखाली उभ्या असलेल्या ट्रामला याची काळजी नाही. पोटात मोजकी वीज घेऊन निघालेल्या ट्रामला समोर वाकडी लावलेली एक टेम्पोसुद्धा जड जाते.

आता भरण्याचं बघा. थांब्यावर २० सेकंदांत ३ युनिट भरायचे असतील तर ५४० किलोवॅट लागतात. २ किलोवॅटचे २७० गिझर एकाच क्षणी सुरू केल्यासारखं आहे ते. बॅटरीला एवढा झटका दिवसातून शेकडो वेळा सोसत नाही. सुपरकपॅसिटरला, म्हणजे झटपट भरणाऱ्या आणि झटपट रिकाम्या होणाऱ्या वीजसाठ्याला, सोसतो, पण त्यात साठा कमी मावतो. त्यामुळे बॅटरी की सुपरकपॅसिटर, हे तार नसलेला भाग किती लांब आहे आणि मधे किती थांबे आहेत त्यावर ठरतं.

जुना गिरगावकर

लेख वाचून बालपणात गेलो. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ची आणि विजेची ७ मे १९०७ पासूनची, पण मी पाहिली ती शेवटची वर्षं. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा मी १३ वर्षांचा होतो. वडिलांनी मुद्दाम नेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं.

तारेबद्दल सांगायचं तर आमच्या ट्रामच्या टपावर एक लांब दांडा असे आणि त्याच्या टोकाचं चाक तारेवर टेकलेलं असे. वळणावर कधी कधी तो दांडा तारेवरून निसटायचा. गाडी गपकन थांबायची. मग कंडक्टर खाली उतरायचा, मागची दोरी दोन्ही हातांनी खेचून दांडा पुन्हा तारेवर बसवायचा. रात्री त्या वेळी निळी ठिणगी उडायची. ती बघायला आम्ही मागच्या बाकावर बसायचो.

तार वाईट दिसते असं त्या काळी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. हल्लीच फ्लोरा फाउंटनजवळ जुने रूळ जमिनीखाली सापडले, तिथे मी नातवाला घेऊन गेलो होतो. रूळ दाखवता आले, तारेची काही खूणच उरलेली नाही.

मंडळाचा कार्यकर्ता

गिरगावकर काका, तार वाईट दिसते का हा प्रश्न आमच्यासाठी दुसरा. पहिला प्रश्न मूर्तीचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीच्या पुढे दोन पोरं लांब बांबू घेऊन चालतात, केबल आडवी आली की ती उचलून धरायला. अकरा वर्षं मी ते काम केलंय. केबल उचलता येते, ७५० व्होल्टची तार उचलता येत नाही. मिरवणुकीच्या रस्त्यावर अशी तार लावायची म्हटली तर आमचा जीव टांगणीला.

गारोनकाठचा

कार्यकर्ते, तुम्ही जे लिहिलंत तोच प्रश्न स्पेनमध्ये सेव्हिल शहरापुढे उभा राहिला. २००७ मध्ये तिथे कॅथेड्रलच्या बाजूने ट्राम सुरू झाली, वर तार. पण तिथे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात उंच उंच पालख्या खांद्यावर घेऊन मोठ्या मिरवणुका निघतात. त्यांच्यासाठी तार दर वेळी उतरवावी लागायची. शेवटी त्या टप्प्यातली तार कायमची काढली आणि सुपरकपॅसिटरच्या गाड्या आणल्या. त्या थांब्यावर काही सेकंदांत वीज भरून घेतात आणि पुढच्या थांब्यापर्यंत जातात. हेच तंत्र स्पेनमध्येच सारागोसात जुन्या शहराच्या भागात आहे.

इकडे फ्रान्समध्ये नीसला २००७ साली बॅटरी वापरली. मासेना आणि गारिबाल्दी हे दोन मोठे चौक, प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरच्या आत. चौकाच्या कडेला पँटोग्राफ (तारेवरून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) खाली, बॅटरीवर चौक पार, पलीकडे पँटोग्राफ पुन्हा वर. मासेना चौकात कार्निव्हलचे उंच चित्ररथ येतात. नीसच्या दुसऱ्या मार्गावर, जमिनीवरच्या भागात, थांब्याच्या फरशीतूनच २० सेकंदांत गाडी भरते.

म्हणजे तार हलवायला लावणारी गोष्ट दोन्ही गावांत रस्त्यावरचा उत्सव होता. सौंदर्याच्या गप्पांपेक्षा मला हे कारण जास्त खरं वाटतं.

बर्मिंगहॅमकर

आमच्याकडे बॅटरी. ११ डिसेंबर २०१९ ला सेंटेनरी स्क्वेअरमधल्या लायब्ररीपर्यंतचा टप्पा सुरू झाला, ब्रिटनमधला बॅटरीवर चालणारा पहिला ट्राम टप्पा. आधीपासून धावत असलेल्या गाड्यांच्याच छतावर लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्या. नवी गाडी न घेता जुनीच सुधारता येते, हा बॅटरीचा मोठा फायदा. रस्त्यात काही पुरावं लागत नाही.

सबस्टेशन यांनी चढाचं लिहिलंय ते मी पायांनी अनुभवलंय. न्यू स्ट्रीट स्टेशनकडून व्हिक्टोरिया चौकात जाणारी पिनफोल्ड स्ट्रीट चांगलीच चढाची आहे, आणि नेमकी तीच तारेविना आहे. सामान घेऊन चालत वर जाताना मला धाप लागते. शेजारून ट्राम शांतपणे चढून जाते. वर टाऊन हॉल आणि कौन्सिल हाऊससमोर आलं की आकाश मोकळं. आधी खांब लावले असते तर तो चौक कसा दिसला असता, याची कल्पना करून बघा.

खडी_डांबर

मी रस्त्यांचं काम करतो, नाशिकजवळ. दोन गोष्टी.

पहिली, पेटी दर २२ मीटरला म्हणजे एका किलोमीटरला ४५. एका दिशेचा एक रूळमार्ग धरून. दोन्ही दिशांच्या मिळून ९०. प्रत्येक पेटीला केबल, झाकण, पाण्याचा निचरा. आपल्याकडे एका रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, टेलिफोन, विजेची केबल, सगळं असतं आणि नकाशात दाखवलंय तिथे ते असेलच याची खात्री नसते. मागच्या पावसाळ्याआधी एका कामात आम्ही ज्या जागी मोकळी माती मिळेल म्हणून खोदलं, तिथे तीन फुटांवर चालू जलवाहिनी निघाली. अर्धा वॉर्ड दोन दिवस कोरडा. त्या जागी मला कुणी ९० विजेच्या पेट्या पुरायला सांगितल्या तर मी आधी वर्षभर फक्त चाचणी खड्डेच घेईन.

दुसरी, पाणी. बोर्दोतल्या पावसाने पेट्या त्रास देत होत्या. आपल्याकडे जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं. पट्टी पाण्याखाली गेली तर काय करणार?

नाशिकसाठी मेट्रो निओ आखली तेव्हा वेगळा मार्ग धरला होता. रबरी चाकांची लांब गाडी, मुख्य मार्गावर ओव्हरहेड वायर, फीडर मार्गावर बॅटरी, आणि ती बॅटरी तारेखाली धावतानाच भरायची. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटींचा आकडा होता. रूळ नसले तरी विचार याच धाग्यातला आहे. जिथे तार लावणं सोपं आहे तिथे ती लावा आणि पुढच्या भागाची वीज तिथेच भरून घ्या.

दर्यावर्दी

दुबईत ट्राम नोव्हेंबर २०१४ पासून आहे. १०.६ किलोमीटरचा मार्ग, ११ स्थानकं, आणि पूर्ण मार्ग एपीएसवर. एक मीटरसुद्धा तार नाही. पण इथे पाऊस जवळपास नसतो आणि रस्ता नव्याने आखलेला होता. खडी_डांबर यांच्या दोन्ही अडचणी इथे नव्हत्याच. म्हणून "दुबईला जमलं मग आपल्याला का नाही" असं म्हणू नये.

कोलकात्याची सून

मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर कोलकात्यात. इथली ट्राम १९०२ पासून विजेवर आहे.

मे २०२० मध्ये अम्फान आलं त्या रात्रीनंतर सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी गेले. गुलमोहराचं पूर्ण झाड ट्रामच्या तारेवर आडवं पडलेलं. फांदीला गुंडाळलेली तार रुळावर लोळत होती आणि रुळात पाणी. शहरात अशी शेकडो झाडं पडली होती, बरेच मार्ग बंद झाले. रूळ जागेवर होते, गाड्या डेपोत धड होत्या, अडलं होतं ते तारेवर. त्या दिवसापासून माझ्या मनात हाच विचार आहे. गाडीत थोडी बॅटरी असती तर तुटलेला टप्पा ओलांडून गेली असती. कुणी तज्ज्ञ सांगेल का, जुन्या गाडीत हे करता येतं?

सबस्टेशन

ताई, तत्त्वतः येतं. बर्मिंगहॅमकरांच्या गाड्यांत तेच केलंय. पण तुमच्याकडच्या जुन्या गाड्यांची मोटर आणि नियंत्रण वेगळ्या पिढीचं आहे. नुसती बॅटरी टाकून भागणार नाही, आतली सगळी वीजयंत्रणा बदलावी लागेल. तार पडली असताना पुढच्या चौकापर्यंत जाण्यापुरती बॅटरी मात्र नव्या प्रत्येक ट्राममध्ये असावी या मताचा मी आहे. बोर्दोतल्या गाड्यांतही अशी राखीव बॅटरी असते, एखादा तुकडा मेलेला असला तर तो ओलांडायला.

खडी_डांबर, पाण्याच्या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. तार नको हा आग्रह नवा नाही. लंडनमध्ये १९०३ पासून दोन रुळांच्या मधे एक फट ठेवलेली असे, फटीखाली बोगद्यासारखी नाळ आणि नाळेत वीजवाहक पट्ट्या. ट्रामखालून एक पातं फटीतून खाली जाई. त्याचं नावच नांगर. शहराबाहेर तार सुरू होई तिथे एक माणूस लांब काटा घेऊन उभा असे. तो बाहेर जाणाऱ्या गाडीचा नांगर काढून घेई आणि आत येणाऱ्या गाडीला लावून देई. दिवसभर, पावसात, हेच काम. वॉशिंग्टनमध्येही शहराच्या मध्यभागात तारेला बंदी होती म्हणून अशीच नाळ होती. लंडनची १९५२ पर्यंत चालली, वॉशिंग्टनची १९६२ पर्यंत. नाळेत चिखल, पालापाचोळा, पाणी साचे, आणि ती साफ ठेवायला माणसं लागत. ती चालली, कारण रोज हात लावणारी माणसं होती.

त्याच काळात वुल्व्हरहॅम्प्टनला १९०२ पासून रस्त्यात लोखंडी गुंड्या बसवल्या होत्या. ट्रामखालच्या चुंबकाने खालचा स्विच ओढला जाई आणि तेवढ्या वेळापुरती गुंडी चालू होई. याच जातीच्या काही पद्धतींत स्विच अडकून गुंडी गाडी गेल्यावरही चालूच राही आणि नाल ठोकलेल्या घोड्यांना झटका बसे. धागा सुरू करणाऱ्यांच्या आईंनी पाय उचलून पट्टी ओलांडली, त्यामागे ही शंभर वर्षांपूर्वीची भीती आहे आणि ती रास्त आहे. एपीएसने तिचं उत्तर दिलं ते बंद तुकडा परतीच्या रुळाला जोडून. स्विच अडकला तर तुकडा जिवंत राहू शकत नाही, यंत्रणा त्या भागाचा पुरवठाच तोडते.

चुंबकाने पट्टी उचलण्याची एक नवी पद्धत चीनमध्ये झुहाईला २०१७ मध्ये सुरू झाली आणि तो मार्ग २०२१ मध्ये बंदही पडला. उलट ग्वांगजौत २०१४ च्या अखेरीस सुरू झालेला ७.७ किलोमीटरचा सुपरकपॅसिटरचा मार्ग आणि तैवानमध्ये काओशुंगचा २२ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, दोन्हींत वीज फक्त थांब्यावर भरतात. रस्त्यात पुरलेल्या वस्तू जितक्या कमी, तितकं बरं, हे माझं मत.

खडी_डांबर

धन्यवाद. मग मी असं म्हणतो की हिंदमातासारख्या सखल भागात पट्टी नकोच. तिथे तारच बरी, ती पाण्याच्या वर असते.

गारोनकाठचा

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. सुरुवात केली तेव्हा मला वाटत होतं की एपीएस सगळ्यात देखणी म्हणून सगळ्यात चांगली. आता वाटतं, आधी रस्ता चालून बघावा. तार कुठे मूर्तीच्या आड येते, कुठे झाडाच्या फांद्यांत अडकते, कुठे जुन्या इमारतीच्या भिंतीला खिळा मारल्याशिवाय लावता येत नाही, ते टप्पे खडूने आखून घ्यावेत. काढायची ती तेवढ्याच टप्प्यांत. टप्पा लहान असेल तर बॅटरी, थांबे जवळजवळ असतील तर सुपरकपॅसिटर. लांब टप्पा, सतत गाड्या आणि खाली जमीन धड असेल तरच पट्टी. सिडनीने २०१९ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर साधारण दोन किलोमीटरपुरतीच पट्टी घातली, त्याच्या पुढे तार. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आणि सबस्टेशन यांचा टेम्पो. ट्रामला स्वतःचा मोकळा पट्टा नसेल, तर साठवलेल्या विजेवर ती भर रस्त्यात आणू नये. बोर्दोत जुन्या गल्ल्यांतून मोटारी आधी बाहेर काढल्या, म्हणून ट्राम अडत नाही. आपल्याकडच्या चर्चेत हे काम नेहमी शेवटी येतं.

मंडळाचा कार्यकर्ता

एक विचारू का? तारेवरून पट्टीवर जाताना आत बसलेल्याला कळतं का? झटका बसतो का?

गारोनकाठचा

कार्यकर्ते, नऊ वर्षांत हे कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं. काल संध्याकाळी पाहिलं. पाऊस होता. चालकाच्या केबिनला लागून उभा राहिलो. गाभ्यात शिरण्याआधीच्या थांब्यावर गाडी थांबली, दारं उघडली, माणसं चढउतार करत होती. वर छतावर 'खट्ट' असा एक आवाज, पँटोग्राफ मिटून खाली बसला. वायुवीजनाची घरघर क्षणभर थांबली. दिवे तसेच. मग पायाखालून धातूवर धातू टेकल्याचा मऊ आवाज आला आणि घरघर पुन्हा सुरू झाली. दारं अजून उघडीच होती. शेजारच्या बाई पुस्तक वाचत होत्या, त्यांनी पान उलटलं.

रात्री आईला फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पट्टीवर पाणी होतं का रे?" होतं. थांब्याच्या दिव्याचा उजेड त्या ओल्या पट्टीवर पडला होता आणि एक मुलगा छत्री मिटत ती ओलांडून गाडीकडे पळत आला.